शिरूरचा फॉरेनर स्टॉपर

माझा खेळ बघितलेला जवळजवळ प्रत्येक माणूस मला कधी ना कधी म्हणाला आहे, की फुटबॉल तुझ्या रक्तातच आहे. असं म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर माझे वडील असतात. वडील टांझानियाचे. मी दिसायला त्यांच्यावरच गेलो आहे: तसाच उंच, तसाच काळा, तसेच केस. पण माझ्या वडिलांनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही. शाळेत असताना एकदा बॉल नाकावर बसला, तेव्हापासून ते मैदानाच्या कडेनेही जात नसत. फुटबॉल मला मिळाला तो आईच्या बाजूने, दौंडच्या मामांकडून. हे मी बऱ्याच जणांना सांगून बघितलं. लोक ऐकून घेतात आणि पुन्हा वडिलांच्या उंचीबद्दलच विचारतात.

पप्पा पुण्याला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायला आले होते. दुसऱ्या वर्षी त्यांना कावीळ झाली. ज्या दवाखान्यात ते तीन आठवडे पडून होते, तिथे आई नर्सिंग शिकत होती. आई कवठे येमाईची. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दुसऱ्यांच्या कांद्यात राबून तिला पुण्याला धाडलं होतं. या परदेशी माणसाशी लग्न करायचं आहे असं तिने घरी येऊन सांगितलं, तेव्हा दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, "भाकरी खातो का त्यो?" आई म्हणाली, आवडीने खातात. मग पुढचं बोलणं सुरू झालं.

लग्नानंतर दोघं शिरूरला राहिले. आई तिथल्याच एका दवाखान्यात नर्स झाली. पप्पांना बरेच दिवस नोकरीची परवानगी मिळत नव्हती, मिळाल्यावर रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले. आमच्या दोन खोल्यांच्या घरात एका भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि समोरच्या भिंतीवर पप्पांच्या आईचा, डोक्याला रंगीत कापड बांधलेला. मी त्या आजीला कधी भेटलो नाही. मी सातवीत असताना पप्पांनी भारतीय नागरिकत्वासाठी जुना पासपोर्ट जमा केला. नवा हातात यायच्या आत तिकडे त्यांची आई वारली. त्यांना जाता आलं नाही. त्या आठवड्यात ते रोज कामावर गेले आणि रोज वेळेवर परत आले. आईने त्यांच्या ताटात भाकरी वाढायची आणि त्यांनी ती अर्धी तशीच ठेवायची, एवढंच मला आठवतं.

शाळेत माझं नाव फार कमी पोरं घेत. मी होतो 'वेस्ट इंडीज'. त्यात फारसा दुष्टावा नव्हता, उलट आशाच होती. पोरांना वाटायचं, मी धावत येऊन बॉल टाकला की समोरच्याच्या दांड्या उडणार. पाचवीपासून आठवीपर्यंत प्रत्येक मॅचला पहिली ओव्हर मला मिळायची आणि दुसरी कधीच मिळायची नाही. माझे बॉल विकेटकीपरच्याही डोक्यावरून जात. पोरं मग चिडायची. जणू मी त्यांना फसवलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र मी दौंडला जायचो. मामा रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारे, होते, रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचे. बुटके, दणकट, मान जवळजवळ नाहीच. कॉलनीत मद्रासकडची, गोव्याकडची, कुठकुठली रेल्वेची कुटुंबं होती आणि त्यांच्यात फुटबॉल मुरलेला होता. मामा कवठ्याहून नोकरीला आले तेव्हा बॉल गोल असतो एवढंच त्यांना माहीत होतं. शेजाऱ्यांनी एक माणूस कमी पडतो म्हणून त्यांना मागे उभं केलं आणि पुढची वीस वर्षं ते तिथेच उभे राहिले, स्टॉपर म्हणून. स्टॉपर म्हणजे बचावफळीच्या मधोमध, गोलकीपरच्या पुढे उभा राहणारा खेळाडू.

मामांनी मला गोल मारायला कधी शिकवलं नाही, कारण ते त्यांनाही येत नव्हतं. त्यांनी अडवायला शिकवलं. ड्यूटीवरून आले की निळ्या शर्टातच मैदानात यायचे. बॉल घेऊन माझ्या अंगावर चालून यायचे आणि मी डाव्या उजव्या पायाच्या हुलकावण्यांना भुलून पडलो की थांबायचे.

"बॉलकडं नगं बघू, पायाकडं बी नगं बघू," ते म्हणायचे. "पाय खोटं बोलत्यात. कंबर बघ. कंबर जिकडं, त्यो तिकडं."

आणि दुसरं सांगायचे, की स्टॉपरने गप्प राहायचं नाही. सगळं मैदान त्याच्या समोर असतं. कोण मोकळा सुटलाय, कोण मागे पडलाय, हे त्याला एकट्याला दिसतं. दिसलं आणि बोलला नाही, तर न दिसल्यासारखंच. मी मुळात कमी बोलणारा. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या तोंडून 'मॅन', म्हणजे मागे माणूस आहे, आणि 'सोड' असे दोनच शब्द निघाले. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत मी दहा माणसांना नावानिशी हाका मारत होतो, आणि त्या मैदानावर मला कुणी वेस्ट इंडीज म्हणत नव्हतं. तिथे मी 'भाचा' होतो. पॉइंट्समनचा भाचा.

नववीला मी दौंडच्याच शाळेत नाव घालावं असं मामांनी सुचवलं. आईने मला विचारलं, तुला तिथं बरं वाटतं का? मी हो म्हणालो. तिने दवाखान्यातून पट्ट्यांचं एक मोठं बंडल आणून माझ्या पिशवीत टाकलं आणि घोटे कसे बांधायचे ते दोनदा करून दाखवलं.

पुण्यातल्या एका क्लबने सतराव्या वर्षी मला निवडलं, पण स्टॉपर म्हणून नाही. तिथल्या कोचने मला बघितलं आणि थेट सेंटर फॉरवर्डला उभं केलं. त्यांच्या डोक्यात आफ्रिकेचा फॉरवर्ड होता. मी सांगायचा प्रयत्न केला, ते म्हणाले, एवढी शरीरयष्टी मागे वाया घालवायची का? आठ मॅचमध्ये मी एकही गोल केला नाही. रोज पहाटे दौंडहून पॅसेंजर पकडून सरावाला जायचो आणि परत येताना वाटायचं, उद्या नकोच जायला. नवव्या मॅचला आमच्या स्टॉपरचा घोटा मुरगळला. बदली खेळाडू एकच होता आणि तो फॉरवर्ड होता. म्हणून कोचने त्याला माझ्या जागी पाठवलं आणि मला मागे ढकललं. त्या दिवशी समोरच्यांना गोल करता आला नाही. कोचने मॅच संपल्यावर एवढंच विचारलं, की तुला हे कुणी शिकवलं. मी म्हणालो, मामांनी. त्यांना वाटलं, मामा आफ्रिकेत असतात.

तिथून पुढे गोव्याच्या एका क्लबमध्ये दोन मोसम मिळाले. व्यावसायिक खेळाडू म्हणून माझा पहिला करार तोच. नोंदणीच्या वेळी त्यांच्या ऑफिसातल्या माणसाने माझा अर्ज परदेशी खेळाडूंच्या गठ्ठ्यात ठेवला. मी शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, पासपोर्ट, सगळं पुढे केलं. जन्मगाव शिरूर, जिल्हा पुणे. त्याने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. मग ओशाळून हसला आणि अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात टाकला. असं माझ्या बाबतीत इतक्यांदा झालं आहे, की मला आता राग येत नाही. फक्त कागद मी कायम बरोबर ठेवतो.

दोन मोसमांनंतर गोव्याचा करार वाढला नाही. मी तेवीस वर्षांचा होतो. हातात काही नव्हतं. तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने केरळात सेव्हन्स खेळायला बोलावलं. सेव्हन्स म्हणजे सात सात जणांचा फुटबॉल. गावोगाव लहान मैदानांवर बांबूच्या गॅलऱ्या बांधतात, संध्याकाळी दिवे लावून मॅच होतात आणि अख्खा गाव येतो. प्रत्येक संघात आफ्रिकेतून आणलेले दोन-तीन खेळाडू असतात आणि लोक त्यांच्यासाठी येतात.

मी पोचलो त्या दिवशी आमच्या संघाच्या व्यवस्थापकाने मला आपादमस्तक बघितलं. दुसऱ्या दिवशी पोस्टर लागलं, त्यावर माझा फोटो होता आणि खाली आफ्रिकेतल्या एका देशाचं नाव. टांझानियाही नव्हे, भलताच देश. मी त्याला विचारायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, "तुम बोलना मत. बस खेलो."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. का, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. काम हवं होतं हे खरंच. पण आत कुठेतरी असंही होतं, की आयुष्यभर लोक जे समजत आले, ते एकदा होऊन बघू. तो महिनाभर मी मैदानात एक शब्द बोललो नाही. बाहेरही नाही. चहाच्या टपरीवर बोटाने दाखवायचो. लोक माझ्याबरोबर फोटो काढायचे, लहान मुलं हात लावून बघायची. खेळ मात्र निम्म्यावर आला होता. माझ्या डाव्या हाताला समोरच्यांचा माणूस मोकळा सुटलेला दिसायचा आणि मी ओरडू शकत नव्हतो. आम्ही सोपे गोल खात होतो.

एका संध्याकाळी समोरच्या संघात एक छोट्या चणीचा, चपळ फॉरवर्ड होता. दोनदा तो माझ्या बगलेतून निसटला. तिसऱ्यांदा मी पाय घातला, जरा उशिरा घातला, आणि तो कोलमडून पडला. घोटा धरून कळवळला. मी वाकलो आणि माझ्या तोंडून निघालं, "पोले."

हा शब्द मला कुणी शिकवलेला नव्हता. लहानपणी मी पडलो, गुडघे फुटले, की पप्पा जवळ घेऊन हे म्हणायचे. मला वाटायचं, हा आमच्या घरातला शब्द आहे, जसे प्रत्येक घरात असतात.

त्या खेळाडूचं कळवळणं थांबलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने मला काहीतरी विचारलं. मग आणखी काहीतरी. त्याचा चेहरा एकदम उजळला होता. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी नुसता उभा राहिलो. रेफरीने मला पिवळं कार्ड दाखवलं.

मॅच संपल्यावर तो लंगडत मला शोधत आला. आता तो इंग्रजीत बोलला. तो दार-ए-सलामचा, म्हणजे टांझानियाचाच होता. गेले चार महिने त्याच्याशी कुणी त्याच्या भाषेत, स्वाहिलीत, बोललं नव्हतं आणि पडल्या पडल्या कुणीतरी 'पोले', म्हणजे 'फार लागलं का रे', म्हणालं. त्याने मला विचारलं होतं, तू कुठला? आणि मी उत्तर दिलं नव्हतं, म्हणून त्याला वाईट वाटलं होतं.

मी इकडे तिकडे बघितलं आणि त्याला खरं सांगितलं. वडील टांझानियाचे, पण मी पुण्याजवळच्या एका तालुक्याचा. त्यांची भाषा मला येत नाही. इथे मला बोलू नको असं सांगितलंय.

तो खाली बसून घोटा चोळू लागला. मग म्हणाला, "मला कुणी बोलू नको म्हटलेलं नाही. पण माझं कुणाला कळत नाही. तुझं सगळ्यांना कळलं असतं."

त्याने हे टोचून म्हटलं नव्हतं, तरी मला ते लागलं. तो घरापासून इतक्या लांब खरोखरीचा परदेशी होऊन राहत होता, आणि मी आपल्याच देशात त्याचं सोंग घेतलं होतं.

पुढच्या मॅचला पहिल्याच मिनिटाला मी ओरडायला सुरुवात केली. हिंदीत, मध्येच मराठीत. आमचा गोलकीपर दचकलाच. पहिल्या रांगेतली काही माणसं हसली, पण दहा मिनिटांत त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं. आम्ही ती मॅच जिंकलो. व्यवस्थापक चिडला, म्हणाला, आता पोस्टरचं काय करू? त्या आठवड्याच्या शेवटी त्याने मला मोकळं केलं. मी भांडलो नाही.

निघायच्या आधी मी पप्पांना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं आणि मग विचारलं, की तुम्ही मला तुमची भाषा का शिकवली नाही. पप्पा इतकी वर्षं शिरूरला राहिलेले, त्यांचं मराठी कारखान्यातल्या माणसांसारखं झालं होतं. ते म्हणाले, "म्हटलं, रंग तर काय बदलता येत न्हाई. भाषा तरी पोरांसारखी असू दे तुझी. निम्मी ही निम्मी ती झाली असती, तर अजून येगळं पाडलं असतं तुला."

मी विचारलं, मग तुम्हाला कुणाशी बोलावंसं वाटलं नाही का? ते म्हणाले, वाटायचं की. तू झोपल्यावर बोलायचो तुझ्याशी. तू पाळण्यात होतास तवा.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोनवर ते मला चार शब्द द्यायचे. पाणी म्हणजे 'माजी', बाळ म्हणजे 'म्तोतो', ये म्हणजे 'न्जो'. शिकवताना त्यांना स्वतःलाच एखादा शब्द आठवायचा नाही. मग ते म्हणायचे, थांब, बहिणीला विचारून सांगतो.

पुढचा सगळा खेळ मी पुण्याच्या एका दुय्यम श्रेणीच्या क्लबकडून खेळलो. सात मोसम. वर्तमानपत्रात नाव आलं ते बहुतेक वेळा पिवळ्या कार्डांच्या यादीत. स्टॉपरचं काम असंच असतं. चुकलं नाही तर दिसत नाही. मोठ्या संघात मला कधी कुणी बोलावलं नाही आणि तिसाव्या वर्षानंतर मी वाटही बघायची सोडली. पण महिन्याला पगार फुटबॉलचा होता, आणि शिरूर तालुक्यातून असं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं.

पप्पा एकदाच मॅचला आले. मामांनी त्यांना ओढून आणलं. दोघं शेजारी बसले होते, एक ताडासारखा, एक खुजा. मॅच संपल्यावर मामा माझ्या चुका मोजू लागले: दोन ठिकाणी उशीर, एका ठिकाणी जागा सोडली. पप्पांना खेळ कळला नव्हता. ते एवढंच म्हणाले, की मला वाटायचं माझा मुलगा गप्प आहे. तू तर दीड तास बोलत होतास.

शेवटचा मोसम गुडघ्याने खाल्ला. पहिलं ऑपरेशन झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला डॉक्टरांच्या आधी आई नको म्हणाली. तिने आयुष्यभर गुडघे बघितले होते. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिने तो हळूच वाकवून बघितला आणि म्हणाली, "चालायला ठेव काहीतरी." मी एकतीसचा होतो. दौंडला जाऊन मामांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ बुटाची लेस उगाच सोडत बांधत राहिले. मग म्हणाले, की ते स्वतः अठ्ठेचाळीसपर्यंत खेळले, पण त्यांना पगार नव्हता म्हणून गुडघे टिकले. त्यावर आम्ही दोघं हसलो. आता मी शिरूरजवळच्या एका शाळेत मुलामुलींना फुटबॉल शिकवतो.

खेळ सुटल्यावर पहिल्या सुट्टीत मी आईपप्पांना घेऊन टांझानियाला गेलो. पप्पा निवृत्त झाले होते. ते तिकडे पस्तीस वर्षांनी निघाले होते. विमानतळावर उतरल्यावर दोन रांगा होत्या, एक तिथल्या नागरिकांची, एक परदेशी लोकांची. आमचे तिघांचे पासपोर्ट भारताचे. पप्पा पहिल्या रांगेकडे चालू लागले, चार पावलांवर थांबले, हातातल्या पासपोर्टकडे बघितलं आणि वळून आमच्या मागे येऊन उभे राहिले. आईने त्यांच्या दंडाला धरलं. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने त्यांचं नाव वाचलं आणि स्वाहिलीत काहीतरी विचारलं. पप्पांनी उत्तर दिलं. अधिकारी उभा राहिला, वाकून त्यांच्या वयाला शोभेल असा नमस्कार केला आणि शिक्का मारला. शिक्का परदेशी माणसाचाच होता.

मोठ्या तळ्याकाठी पप्पांच्या बहिणीचं गाव होतं. तिथली मुलं माझ्या मागे 'म्हिंदी, म्हिंदी' करत फिरायची. म्हिंदी म्हणजे हिंदुस्थानी. माझा रंग तोच, उंची तीच, आणि तरी त्यांना लांबूनच कळलं होतं. मी कशावरून ओळखलंत विचारलं, तर एक मुलगी म्हणाली, तू चालतोस वेगळा. संध्याकाळी त्यांनी मला खेळायला घेतलं. गुडघ्यामुळे मी फार हललो नाही. उभ्या उभ्या कुणाकुणाला हाका मारत राहिलो, माझ्या मोडक्यातोडक्या स्वाहिलीत, आणि मुलं हसत हसत मी सांगेन तिथे जाऊन उभी राहत होती.

आत्या म्हातारी झाली होती. ती आणि पप्पा अंगणात खुर्च्या टाकून दिवसभर बोलत बसायचे. पप्पांची स्वाहिली आता अडखळत होती. एखादा शब्द शोधताना ते थांबायचे आणि मधल्या जागेत आपोआप 'म्हंजी' यायचं. म्हंजी, आणि पुन्हा स्वाहिली. तिसऱ्या दिवशी आत्याने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, हा सारखं म्हंजी म्हंजी करतो, म्हंजी कोण?

त्याला स्वाहिलीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं, म्हणून हिंदीतला शब्द पुढे केला, म्हणालो, म्हंजी म्हणजे यानी. आत्याने टाळी दिली. त्यांच्याकडेही तो शब्द 'यानी'च होता, तेच रूप, तोच अर्थ. पप्पा आमच्याकडे बघत होते. आत्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, बरं, म्हंजी काय? पुढे सांग.

ते पुढे बोलू लागले. त्यांच्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल ते बहिणीला विचारत होते. माझी आई त्यांच्या शेजारी बसून शेंगा सोलत होती. मला आता बरंचसं कळत होतं, आणि जे कळत नव्हतं ते मी विचारलं नाही.